चाचांची टायरतपासणी

शारजात कुठेही दोन गाड्या एकमेकींना घासल्या की पहिली कळ आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाचांच्या पोटात उठते, अशी नव्वदच्या दशकात आमच्या अख्ख्या बिल्डिंगची खात्री होती. चाचा मूळचे रत्नागिरीचे आणि नोकरीला एका तकाफुल कंपनीत, क्लेमच्या टेबलावर. तकाफुल म्हणजे इस्लामी पद्धतीचा विमा. सगळ्यांनी मिळून एका फंडात वर्गणी टाकायची, ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला त्यातून द्यायचं, वर्षाअखेर उरलंच तर वाटून घ्यायचं. कंपनीतले बाकीचे हे गिऱ्हाइकाला वाचून दाखवत, चाचांनी ते फारच मनावर घेतलं होतं.

शुक्रवारी नमाजहून आले की पार्किंगमध्ये उकिडवे बसून ते बिल्डिंगमधल्या आम्हा फंडाच्या मेंबरांच्या टायरची हवा बघायचे. एकदा माझा टायर गुळगुळीत झालेला दिसला, तर तीन मजले चढून त्यांनी मला भरल्या ताटावरून उठवलं. जेवून येतो म्हटलं, तर म्हणे चाची परत गरम करून देईल, यल्ला, चल. वैताग नुसता! ऑफिसात ते पाठकोरे कागद वापरायचे, खोलीत एकटे असले की एसी बंद करून घामाने निथळत बसायचे. आणि गंमत बघा, साहेबांनी कामाचा वेग मोजायला माणूस आणला, त्याने नेमके चाचाच सगळ्यात संथ ठरवले. एका क्लेमला तीन दिवस. त्यातला एक कागदपत्रांचा, उरलेले दोन दिवस सफरचंदं घेऊन अपघातवाल्याच्या घरी जाऊन बसण्याचे. त्यांच्या स्वतःच्या गाडीचं दार मात्र टेम्पोने चेपल्यापासून चार वर्षं सुतळीने बांधलेलं होतं. क्लेम का करत नाही विचारलं की म्हणायचे, बंद होतंय ना, मग खलास.

मग एका वर्षी गोदामांना दोन मोठ्या आगी लागल्या आणि फंड तळाला गेला. कंपनी बुडणार, अशी कुजबुज सुरू झाली. त्याच महिन्यात खोर फक्कानच्या घाटात माझी गाडी कठड्यावर आदळली. मी वाचलो, गाडी अर्धी गेली. चाचा सफरचंदं घेऊन आले, चेहरा पार उतरलेला. मला कसंसंच झालं. मी मोठेपणाने म्हटलं, राहू दे चाचा, मी क्लेम करत नाही, फंडाला तेवढाच हातभार. दुसरी गाडी घ्यायची आमची ऐपत नव्हती, त्यामुळे बायको माझ्याकडे बघतच राहिली.

चाचांचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"एवढी वर्षं मी लोकांच्या टायरपाशी कशाला बसलो रे? तुला द्यायची वेळ आली तर देता यावं म्हणूनच ना? फॉर्म काढ."

फॉर्म त्यांनीच भरला. गाडी दुरुस्त झाली. पुढे कंपनी दुसऱ्या कंपनीत गेली आणि तिथे चाचांचं टेबल राहिलं नाही.

ते कायमचे रत्नागिरीला परत निघाले, तेव्हा त्याच गाडीतून मी त्यांना विमानतळावर सोडलं. निघताना नव्या कोटासकट ते खाली बसले आणि म्हणाले, पुढच्या डाव्यात हवा कमी आहे. विमान चुकेल म्हटलं, तरी पंपावर थांबावंच लागलं.

त्यांची फार आठवण येते. आता विमा फोनवर निघतो, सफरचंदं कुणी आणत नाही. शुक्रवारी जेवायला बसलो की माझं अर्धं लक्ष अजून दाराकडे असतं.