एक काय?

परबकाकांकडे “एक पेन द्या” म्हटलं तर ते मुकाट्याने देत. पण नुसतं “एक द्या” म्हटलं की संपलंच! चष्मा कपाळावर चढवून विचारत, “एक काय?” दादरच्या आमच्या ऑफिसात कंपायलर तयार व्हायचा, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम. आम्ही सगळे तिशीच्या आतले, काका निवृत्तीला टेकलेले. पाठीमागे आम्ही त्यांना ‘एककाय’ म्हणायचो. हे नाव मीच ठेवलं होतं, आता कबूल करायला काय जातंय?

दुसरी खोड म्हणजे हातातलं काम एका दमात संपवायचं. आकडे उतरवून घेताना मध्ये कुणी बोललं की सगळं खोडून पहिल्यापासून! “अर्ध्यावर दुसऱ्याने हात घातला की दोघांचंही नासतं,” म्हणत. म्हणूनच बहुधा अ‍ॅटॉमिक क्रियांचं काम त्यांच्याकडे आलं. एकाच आकड्यावर दोन कामं तुटून पडली, तरी तो वाचून, वाढवून परत ठेवेपर्यंत मध्ये कुणाला शिरू द्यायचं नाही, असं ते काम. त्यातली बेरीज मी लिहिली होती.

एके दिवशी काकांनी ती बेरीज पॉइंटरवर चालवून पाहिली आणि मला हाक मारली. पॉइंटर म्हणजे यंत्राच्या स्मृतीतल्या एखाद्या जागेचा पत्ता.

“अगो, पत्ता खोलीचा असला तर एक मिळवल्यावर पुढची खोली यायला हवी, चाळीचा असला तर पुढची चाळ. साध्या बेरजेत आपला कंपायलर हे बरोबर ओळखतो. तुझी बेरीज मात्र एकच बाइट, म्हणजे वीतभरच, सरकते. म्हणजे माणूस भिंतीत!”

मी फणकारले. “दुसऱ्यांचे कंपायलरही बाइटच सरकवतात. लोक खोलीच्या मापाने आधीच गुणून देतात, काका. आता बदललं तर त्यांचे जुने प्रोग्रॅम बोंबलतील.” खोटं नव्हतं ते.

“मग बदलू नको. पण पॉइंटर दिसला की अडव, आणि विचार, एक काय? गुपचूप भलतीकडे नेऊ नको कुणाला.”

मीटिंगमध्ये साहेबांनी हात वर करायला सांगितले. मी काकांच्या विरुद्ध हात वर केला. काका एकटे पडले.

त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. मी चिडूनच विचारलं, “एवढ्याशा एकाचं एवढं काय हो?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले दिवस, लालबागची त्यांची चाळ. मोर्चा उधळला गेला, पोलीस मागे लागले आणि त्यांचा थोरला भाऊ गल्लीत धावत आला. काका वरच्या गॅलरीत होते. खाली पुढच्याच खोलीचं दार शेजाऱ्यांनी उघडं धरलेलं त्यांना दिसत होतं. ते ओरडले, “दादा, एक पुढे!” दादा ती खोली ओलांडून एक चाळ पुढे गेला. तिथे पोलीसच उभे होते. लाठी डोक्यात बसली. तिसऱ्या दिवशी दादा गेला.

“माका खोली म्हणूचा होता,” काका हलकेच म्हणाले. “तेका चाळ वाटली.”

हे ऐकूनही मी बेरीज होती तशीच जाऊ दिली. महिन्याभरात काका निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात कुणीतरी ‘एक काय?’ची नक्कल केली, सगळे हसले, मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

दीड वर्षाने ते काम पुन्हा माझ्या हाती आलं. या वेळी मी साहेबांशी भांडले आणि जिंकले. त्या बेरजेला पॉइंटर दिला की आमचा कंपायलर अडून बसू लागला. तो अडल्याचा संदेश कागदावर छापून घेतला आणि रविवारी काकांना दाखवायला लालबाग गाठलं.

चाळीच्या तोंडाशी एक बाई कपडे वाळत घालत होत्या. “परबांकडे जायचंय,” मी म्हटलं.

“एक पुढे.”

“एक काय? खोली की चाळ?”

बाईंचा हात दोरीवरच थांबला. “असं आमचे काकाच विचारायचे हो,” त्या म्हणाल्या. “मागच्या महिन्यात गेले ते.”

मग दोरी सोडून त्या स्वतः माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या.