पपईच्या बागेतली आगटी

मी बी.ए. झालो तो माझ्या थोरल्या आत्यामुळे. रहाटणीला तिच्याकडे राहून मी पुण्याला कॉलेजात जात असे. आतोबा वारल्यानंतर ती पपईच्या बागेत एकटीच राहत होती. आदल्या हिवाळ्यात थंडीने सगळी रोपं काळी पडली, तेव्हा माझे वडील, दादा, तिला म्हणाले होते, "पुढच्या वर्षीही बाग गेली तर मुकाट्याने आमच्याकडे चलायचं." तिने मान डोलावली होती, पण तिला जायचं नव्हतं.

पौषात कडाका वाढला. रोपं झाकायला गोणपाटं पुरेनात, म्हणून आत्याने ट्रंक उघडून आतोबांचे सदरे काढले. संध्याकाळी आम्ही रोपांभोवती काठ्या रोवून त्यांवर ते चढवले. वाऱ्याच्या बाजूला गोवऱ्यांची आगटी पेटवली, म्हणजे धूर बागेवर पसरून राहील.

शेजारच्या मळ्यातली म्हातारी बांधावरून ओरडली, "अगं ए, गेल्या मानसाचं कापूड असं उभं करू न्हाई! त्याला वाटतं, बोलावलंय."

"येऊ दे की," आत्या म्हणाली. "आगटी राखायला कुनी तरी पायजेच. आमचा बी.ए. तर आत्ताच पेंगतोय."

म्हातारी हसली नाही.

आळीपाळीने जागायचं ठरवून आम्ही दोघंही झोपलो. पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या भोंग्याने जाग आली. नदीवरून धुकं आलं होतं. त्यात ते सदरे उकिडव्या बसलेल्या माणसांसारखे दिसत होते. आगटी एव्हाना विझायला हवी होती. ती धुमसत होती, आणि तिच्यावर ताज्या गोवऱ्या रचलेल्या होत्या, मधे पोकळी ठेवून, गोल.

"तू घातल्यास?" आत्याने विचारलं.

"नाही. तू?"

ती आगटीशी वाकली. "असं ते रचायचे," ती म्हणाली.

भोवतीच्या गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं. त्यावर पाऊल उमटलेलं नव्हतं. म्हातारीची वांगी काळी पडली होती. आमची रोपं हिरवी होती. आत्या सदरे उतरवू लागली. एकाचं सुटलेलं बटण तिने आधी लावलं, मग तो काढला.

पुढच्या वर्षी मला नगरला नोकरी लागली. तिथून पहिल्याच थंडीत मी तिला लिहिलं:

"ती. गं. भा. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार. इथे थंडी पडली, म्हणजे तिकडेही पडली असेल. दादांशी बोललो. बाग जगते आहे तोवर तुला तिथून कुणी हलवणार नाही, असं त्यांनी कबूल केलं आहे. संध्याकाळी आगटी पेटवून गोवऱ्या तिच्याजवळच ठेव. मग दार लावून झोप. बाहेर काही वाजलं, तरी उठू नकोस."