धुळवडीची गुलाबी साळुंकी

परवा धुळवडीचे कपडे भिजवताना पक्क्या गुलाबी रंगाचा उग्र वास आला आणि मला सेलूला, सासरी केलेली पहिली धुळवड आठवली.

चुलीवर मटण शिजत होतं. अंगणात टाकलेल्या शिळ्या भातावर रोजच्या साळुंक्या भांडत होत्या. त्यांच्यात एकीचं डोकं काळं आणि पाठ चक्क गुलाबी होती. सासूबाईंनी ती पाहिली आणि थेट माझ्या दिराला हाक मारली. लग्नाच्या वयाचे झालेले भाऊजी तेव्हा केसांपासून नखांपर्यंत गुलाबीच होते.

"मुक्या जिवाले रंगवलं काऊन रे?"

"माय, मी हात नाई लावला तिले!"

"मंग काय थे सोताच रंगात लोळली? कबूल कर, नाई त आज तुले मटण नाई."

भाऊजींनी चुलीकडे पाहिलं आणि रश्श्याचा वास घेतला. "हो माय, मीच रंगवली."

त्यांना भरलेलं ताट मिळालं.

ती भोरडी होती, थंडीत आपल्याकडे येणारी पाहुणी, हे आज मला माहीत आहे. तेव्हा घरात कोणालाच नव्हतं.

भाऊजी दुसरी भाकरी मोडत होते, तेवढ्यात समोरच्या काटेसावरीवर तसल्याच गुलाबी पाखरांचा अख्खा थवा कलकलाट करत उतरला. भाऊजींचा चेहरा उजळला. सुटलो, असंच त्यांना वाटलं असणार.

सासूबाईंनी झाडाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"एवढ्या साऱ्या कवा रंगवल्या रे?" असं म्हणून त्यांनी ताट ओढून घेतलं.