माटोळीच्या केळ्यांचा केक

गोवा राज्य झालं त्या वर्षीच्या चतुर्थीत चंद्रावतीच्या जिवाला एकच घोर होता. सुर्ल्याच्या वर्कशॉपात कामगारांना सकाळची न्याहारी पुरवायचं काम तिला हवं होतं. सात वर्षं ती डोक्यावर भाजीची पाटी घेऊन दारोदार फिरत होती आणि आता तिची मान वळेनाशी झाली होती. वर्कशॉपचे साहेब विनायकराव मूळचे कोल्हापूरचे. ते म्हणाले होते, "तेलकट भजी खाऊन पोरं दुपारपर्यंत ढेकरा देतात. हातात धरून खाता येईल असं काहीतरी कोरडं आणा. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी चाखून बघू."

पेडण्याला माहेरी असताना चंद्रावती शेजारच्या पाववाल्या पोदेराच्या बायकोकडून पिकल्या केळ्यांचा केक शिकली होती. तिने अंडी आणून ठेवली. पण केळ्यांचा घड पावसाळी हवेत हिरवागारच राहिला.

विसर्जन झालं, गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळाफुलांची माटोळी सोडली. तिच्यात रसबाळी केळ्यांची फणी होती, साल काळी पडलेली, वासाने घर भरून टाकणारी.

"बरां झाला गो," शेजारीण सुमंगला म्हणाली. "आता अंडी फोड आनी लाग कामाक."

"माटोळीची केळी ती. देवाची. तेंका अंडां कसा लावू?"

"मगे अंड्याशिवाय केक कसलो? तो शिरोच झालो!"

चंद्रावतीने अंडी शिंकाळ्यात ठेवून दिली. अर्धी केळी कुस्करली, त्यात गूळ, रवा, आंबट दही आणि चिमूटभर सोडा घातला. पातेल्याखाली थोडे आणि झाकणावर भरपूर, असे करवंट्यांचे निखारे रचले. पण तिला धीर धरवेना. मध्येच झाकण उचललं आणि केक मधोमध होडीसारखा खचला.

"व्हडी झाली," सुमंगला म्हणाली. "न्हंयत सोड."

उरलेल्या केळ्यांत एकच केक होणार होता. या खेपेला ती झाकणाकडे बघेचना. पातेल्याजवळ कान नेऊन बसली. आत पीठ चुरचुरत होतं तोवर हलली नाही. चुरचुर थांबली, गुळाचा खरपूस वास सुटला, तेव्हाच तिने निखारे बाजूला केले. केक घुमटासारखा वर आला होता.

सकाळी निघताना सुमंगलेने बजावलं, "इचारल्यान तर दोन अंडी घातली म्हण."

विनायकरावांनी तुकडा तोडला, खाल्ला, दुसरा उचलला. "झकास! अंडी किती घातली?"

चंद्रावतीने खरं तेच सांगितलं. "एकय नाय, साहेब. माटोळीची केळी होती. देवाच्या फळाक अंडां लावूक हात धजलो नाय."

विनायकराव चावायचे थांबले. मग मागे वळून ओरडले, "अरे बाबली, सगळ्यांना हाक मार! बिनअंड्याचा आहे!" आणि तिला म्हणाले, "बाई, आमची अर्धी पोरं वाराला अंडं शिवत नाहीत. केक म्हटलं की लांबूनच हात जोडतात. सोमवारी आणि गुरुवारी तुमचा केक नक्की. बाकीचे दिवस बघू."

आठवड्यातल्या दोनच दिवसांच्या कामाने डोक्यावरची पाटी काही उतरणार नव्हती. चंद्रावतीने पदर खोचला.

"आनी शनिवारी, साहेब? तुमचे मारुतीचे भगत काय फातर खातत?"

सगळं वर्कशॉप हसलं. विनायकरावही हसले आणि तिसरा तुकडा उचलत म्हणाले, "बरं, शनिवारपण. पण मंगळवारचं नाव आज काढू नका."

"आज नाय काढणा," चंद्रावती म्हणाली. "फाल्या सकाळी काढीन."