शीतलला काहून झाली न्हाई?

"वर बघा," डॉक्टर म्हणाले. बोटाने पापणी खाली ओढून त्यांनी माझे डोळे तपासले आणि आईकडे वळून म्हणाले, "कावीळ आहे."

पोलीस भरतीची मैदानी चाचणी तोंडावर आली होती. वसमतला आम्ही काही मुली खोल्या करून तयारी करत होतो. मजल्यावर सगळ्यांना मिळून एकच संडास. ताप, मळमळ होती तरी गोळ्या खाऊन मी पळत होते. लघवी गडद व्हायला लागली, तेव्हा माझ्याच खोलीतल्या शीतलने आईला कुरुंद्याहून बोलावून घेतलं.

रक्ततपासणीत हेपॅटायटिस ए निघाला. म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणू. डॉक्टर म्हणाले, "आजारी माणसाच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो. कडीला, नळाला, मगाला लागला की तिथं बरेच दिवस टिकू शकतो."

"मग संडासाच्या भांड्यावर बसल्यानं झाली का?" मी विचारलं.

"कातडीतून शिरत नाही तो. आपलेच हात त्याला तोंडापर्यंत नेतात. पाण्यातून, खाण्यातूनही येतो. तुम्हाला नेमका कुठून आला, ते सांगता येणार नाही."

माझा संशय मात्र त्या संडासावरच होता. शेजारच्या खोलीतली एक मुलगी मागच्याच महिन्यात पिवळी पडून गावी गेली होती. संडासात साबण कधी नसायचाच. हात नुसते ओले करायचे आणि भिजवलेले हरभरे तोंडात टाकून मैदान गाठायचं.

शीतलही तीच कडी लावायची, तेच हरभरे खायची. तिला काहीच झालं नाही.

उलट्या थांबेनात म्हणून मला दवाखान्यात भरती करून घेतलं. शीतल सरावावरून थेट भेटायला यायची. घामेजलेली, गाल लाल. ती मोसंबी सोलायची आणि मी तिच्या पायांतले बूट बघत पडून राहायचे. "आज आठशे मीटर टायमात बसलं गं," ती म्हणाली, तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं.

"सगळं सारखंच केलं आपण. मग तुला काहून झाली न्हाई?" मी विचारलं. आई कावरीबावरी झाली.

राउंडला आलेल्या डॉक्टरांनी ते ऐकलं. त्यांनी शीतललाच विचारलं, "लहानपणी कावीळ झाली होती का?"

"व्हय. दुसरीत असताना. गावात लई लेकरांना झालती."

"मग तीच असणार. ही एकदा झाली की सहसा पुन्हा होत नाही." मग ते माझ्याकडे वळले, "तुम्हाला आधी लस दिली असती, तर तुम्हीही वाचला असता."

मला तिच्या दुसरीतल्या काविळीचाही हेवा वाटला.

चाचणीच्या दिवशी मी घरी अंथरुणात होते. शीतल निवडली गेली. प्रशिक्षणाला जाण्याआधी तिने संडासाच्या नळाला जाळीच्या पिशवीत साबण बांधला आणि मजल्यावरच्या पोरींना दम भरला, "हात धुतल्याबिगर कोनी हरभऱ्याच्या डब्याला शिवायचं न्हाई."

सामायिक संडास वापरणाऱ्या प्रत्येकीला मीही तेच सांगते. डोळे पिवळे होण्याआधीच माणूस हा आजार पसरवत असतो. दिसत काहीच नाही, म्हणून साबण लागतो.

रिपोर्ट नॉर्मल आल्यावर डॉक्टरांनी हळूहळू पळायला परवानगी दिली. शीतल सुट्टीवर आली, तीच माझी वेळ मोजायला मैदानावर उभी राहिली.

"लई हळू पळून राहिली तू!" ती ओरडली.

मला तिचा असा राग आला, की थांबायचं ठरवलेलं असूनही मी आणखी एक फेरी मारली.