शेळी नगण्य माना

नववीच्या पुस्तकातली टक्कर फार सभ्य असते. दोन गुळगुळीत गोट्या येतात, धडकतात, संवेगाची देवाणघेवाण करतात आणि आपापल्या वाटेनं जातात. कुणी ओरडत नाही, कुणी खाली उतरून बंपर तपासत नाही. आमचे सर फळ्यावर लिहायचे, 'घर्षण नगण्य माना', आणि आम्ही निमूट मानायचो. मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला लागून आमची वस्ती. तिथं आणखी काय काय नगण्य मानतात, हे मला कॉलेज संपवून घरी आल्यावर कळलं.

माझ्या चुलतीची शेरडं रोज संध्याकाळी रानातून उतरतात आणि वळणावर रस्ता ओलांडून घरी येतात. एरवी त्या रस्त्यावर एसटी आणि दुधाचा टेम्पो, बस्स. शनिवार-रविवारी मात्र किल्ले बघायला पुण्याहून गाड्या येतात आणि किल्ला पळून चालल्यासारख्या सुसाट येतात. अशाच एका गाडीनं चुलतीची गाभण शेळी उडवली. गाडीवाला उतरला, बंपरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "अचानक आडवी आली हो."

"ती कशाला आडवी येतीया? तुमचा रस्ताच आडवा आलाय तिच्या वाटंला," चुलती म्हणाली.

त्याच्यासाठी गाडीत पट्टा होता, फुगा होता. थांबायला जितका जास्त वेळ, तितका मार कमी, हा धडा गाड्या बनवणाऱ्यांनी नीट पाठ केलाय. शेळीला वेळ मिळाला नाही. एकूण संवेग कायम राहिला, असं सर म्हणाले असते. राहिला असेल.

त्या रात्री चुलती जेवली नाही. लग्न होऊन आल्यापासून शेरडं राखणारी बाई ती. सकाळी म्हणाली, "आनि एक जरी गेली ना, तर समदी बाजारात नेऊन इकते बघ. म्या न्हाई बघनार असं."

मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'रस्ता कुणाच्या बापाचा?' खाली वस्तुमान, वेग, दोन्हींचा गुणाकार, वळणावर गतिरोधकाची मागणी आणि तीन उद्गारचिन्हं. ते घेऊन रस्त्याच्या ऑफिसात गेले.

"गतिरोधकाला अपघाताची नोंद लागते," तिथले साहेब म्हणाले.

"झालाय की अपघात."

"माणसाचा?"

"शेळीचा."

"ते ह्यात बसत नाही, ताई."

मग त्यांनी माझ्या पत्रकाची घडी घातली आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारली. टेबल स्थिर झालं. माझ्या लिखाणाचा झाला तेवढा परिणाम.

नाचणी निघाली तेव्हा मला सुचलं. आमच्याकडं कणसं डांबरी रस्त्यावर पसरतात. गाड्या त्यावरून जातात आणि मळणी फुकटात होते. बैल राहिले नाहीत, चाकं मुबलक आहेत. एरवी ती रस्त्याच्या सरळ पट्ट्यात, उन्हात टाकतात. मी म्हटलं, काकी, यंदा वळणावर टाकू, रविवारी टाकू, आणि जाड थर टाकू. वेग आपोआप उतरेल. दुचाकीवाले घसरू नयेत म्हणून कडेची पट्टी मोकळी ठेवली आणि वळणाच्या दोन्ही बाजूंना लाल ओढण्या बांधल्या. त्यातली एक माझी, बऱ्यापैकी नवी.

दुपारपर्यंत भौतिकशास्त्रानं माझी लाज राखली. गाड्या ओढण्या बघून हळू व्हायच्या, कणसांवरून कुरकुरत जायच्या. एका बाईंनी काच खाली करून फोटो काढला आणि विचारलं, "मावशी, हे ऑर्गॅनिक आहे का?"

"नाचनी हाय," चुलती म्हणाली. "जरा मागं घेऊन परत या की. हितं अजून दानं राहिल्यात."

संध्याकाळी शेरडं उतरली. माझ्या गणितात ती रस्ता ओलांडणार होती, एवढंच. त्यांना भूक असते, हे मी नगण्य मानलं होतं. आजवर पळत रस्ता ओलांडणारी शेरडं भर रस्त्यात थांबली आणि माना खाली घालून चरायला लागली. इकडून गाड्या, तिकडून गाड्या, मधे आख्खा कळप. भोंग्यांनी डोंगर दणाणला. मी "हुर्र, हुर्र" करत धावले; एका बोकडानं माझ्याकडं बघून पुढचं कणीस घेतलं.

चुलती काठी उगारून आली. आली आणि थांबली. तिनं गाड्यांची रांग बघितली, मग काठी टेकवली.

"अवं काकी, हाकला ना!"

"खाऊ दे गं," ती म्हणाली. "कशा गप हुब्या हायती बघ गाड्या."

गाडीवाल्यांनी कुणाकुणाला फोन लावले. शेळी मेली तेव्हा ज्यांना सवड नव्हती, तेच साहेब दिवस मावळायच्या आत हजर झाले, तेही रविवारी.

"हे कुणी पसरलं?"

"म्या," चुलती म्हणाली. "मळनी चाललीया. समदीच पसरत्यात, साहेब."

"किती दिवस चालणार ही मळणी?"

चुलतीनं आधी शेरडांकडं बघितलं. "तुमचा गतिरोधक हुईस्तोवर."

साहेबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "ते पत्रक आहे का अजून एखादं?" पिशवीत गठ्ठाच होता.

नाचणी कधीच डब्यात गेली. गतिरोधकाचं अजून 'वरती पाठवलंय' एवढंच कळतं. दर रविवारी चुलती वळणावर भाताचा पेंढा पसरते, माझी ओढणी बांधते, आणि शेरडं त्यांच्या वेळेला येऊन रस्त्यात उभी राहतात. बाजाराचं नाव तिनं पुन्हा काढलेलं नाही.