लढाई होईल का, असं बाबांनी विचारलं होतं

२००१च्या जुलैत बाबांनी मला साखऱ्याहून सेनगावच्या स्टँडवर सोडलं. एरवी त्यांच्या जीपमध्ये पंधरा-पंधरा माणसं बसत. त्या दिवशी त्यांनी वाटेत कुणालाच घेतलं नाही. मागे आई आणि माझा भाऊ मिलिंददादा, त्याच्या मांडीवर माझी ट्रंक. मी दिल्लीला एम.ए. करायला निघाले होते. विषय होता आंतरराष्ट्रीय संबंध.

"तिथं काय शिकवतेत गं?" आईनं विचारलं.

"देशादेशांत भांडणं काहून होतात, ते."

"त्यासाठी इतक्या दूर काहून जा लागते?" आई म्हणाली, आणि एस.टी. येईपर्यंत आम्ही हसत राहिलो.

त्याच हिवाळ्यात दादा ड्रायव्हर म्हणून कुवेतला गेला. दोन्ही लेकरं एका वर्षात घराबाहेर पडली.

दिल्लीत माझी इंग्रजी अडखळे, पण विषयानं मला धरून ठेवलं. वास्तववादी म्हणत, प्रत्येक देश एकटा असतो, त्याला विचारणारं वर कुणी नाही, म्हणून त्यानं ताकदच जपावी. उदारमतवाद्यांचं म्हणणं, व्यापार, करार आणि संस्था यांत देश इतके गुंतत जातात की लढाई कुणालाच परवडत नाही. रचनावादी सांगत, शत्रू काय नि मित्र काय, आपणच मानून मानून घडवतो. मला उदारमतवादी पटले. बाबासाहेबांच्या फोटोखाली संविधान वाचत मोठ्या झालेल्या मुलीला कायद्याचा भरवसा वाटणारच. त्यावर मी निबंध लिहिला, सरांनी तो वर्गात वाचून दाखवला.

२००३च्या जानेवारीत एका रविवारी सकाळी हॉस्टेलच्या फोनवर बाबा आले. गावच्या एस.टी.डी. बूथवरून बोलत होते.

"दादाची सुट्टी मंजूर झाली. पण आता आला तर कंपनी परत घेईल का न्हाई, भरोसा न्हाई म्हणतो. तिकडं बाजूच्या देशात लढाईचं चालू हाय. येऊ का थांबू, इचारून राहिला. तू तेच शिकून राहिलीस ना? लढाई होईल का?"

पदवी नसलेला माझा बाप एवढ्या विश्वासानं विचारत होता की 'मला माहीत नाही' हे शब्द तोंडातून निघालेच नाहीत.

"न्हाई होणार, बाबा. एवढे देश मधी हायेत, होऊ देणार न्हाईत."

दादानं सुट्टी पुढं ढकलली.

मार्चमध्ये लढाई सुरू झाली. कंपनीनं सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द केल्या. पासपोर्ट तिच्याकडेच होते. सतरा दिवस दादाचा फोन नव्हता. बाबा जीप उभी करून बूथवर बसून राहत, आणि मी लायब्ररीत बसून तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा उलटत राही. त्यांत ट्रक ड्रायव्हर कुठेच नव्हता.

दादा वाचला. पाण्याचा टँकर घेऊन त्याला सीमेपलीकडे पाठवलं होतं, आणि ताफ्यातली पुढची गाडी उडाली. पुढच्या वर्षी तो घरी आला तेव्हा उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. आता तो बाबांची जीप चालवतो. लग्नाच्या वरातीत फटाके लागले की गाडी बाजूला घेऊन स्टिअरिंग धरून बसतो.

एकदाच मी बाबांना म्हणाले, "माझं चुकलं."

"तुला काय ठावं होतं, बाई? आमी इचारलं, तू सांगितलं," ते म्हणाले आणि चाकातली हवा बघायला उठले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मी आता लंडनमध्ये शिकवते. तेच सिद्धांत, पहिल्या वर्षाला. यातला खरा कोणता, असं मुलं विचारतात. प्रत्येकाला थोडं दिसतं, एवढंच सांगते.

गावात राहिलेले म्हणतात, पोरगी मोठी झाली. बाहेर पडलेले विचारतात, घराची आठवण येते का. येते. पण ज्या घरात माझा शब्द शेवटचा मानला गेला होता, त्या घरात आता मला सांभाळून घेतात.

मागच्या खेपेला गावी घरात जेवताना टीव्हीवर कुठल्याशा सीमेवर सैन्य जमल्याची बातमी लागली. शेजारच्या काकूंचा जावई तिकडेच कामाला. त्या माझ्याकडे वळून काही विचारणार, तोच बाबा म्हणाले, "पोरगी थकून आली, तिला जेवू द्या."

मी मान खाली घालून जेवत राहिले.